एका डोळ्यावर पट्टी आणि हाताचा वेग

कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे परिचित असलेले अलोरे हे गाव चिपळूण-कऱ्हाड मार्गावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्यालगत आहे. अशा ठिकाणी एका डोळ्यावर पट्टी बांधलेला रुग्ण चिकित्सालयातून निघाला की बहुधा दुचाकीकडेच वळतो. त्यास आपण पथ्य सांगतो. वाहनाविषयी क्वचितच बोलतो.

उजवा डोळा झाकल्यास उजवा हात मंदावेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते शरीररचनेस धरून नाही. प्रत्येक नेत्राच्या दृष्टिनाडीतील नाकाकडील तंतू विरुद्ध बाजूस जातात, कानशिलाकडील त्याच बाजूस राहतात. म्हणून एकच डोळा उघडा असला तरी मेंदूच्या दोन्ही गोलार्धांस वार्ता पोहोचते. उजवीकडील दृश्य डाव्या गोलार्धात जाते आणि उजवा हातही तोच चालवितो. डाव्या हाताने प्रतिसाद द्यावयाचा झाल्यास वार्ता पलीकडे न्यावी लागते. पॉफेनबर्गर यांनी १९१२ मध्ये अभ्यासलेला हा विलंब सेकंदाच्या काही सहस्रांशांचाच असून व्यवहारात नगण्य होय.

खरा फरक प्रकाशाने पडतो. ज्या नेत्रास कमी प्रकाश मिळतो, त्याची वार्ता उशिरा पोहोचते. स्वतः एका डोळ्याने अंध असलेल्या पुल्फ्रिख यांनी १९२२ मध्ये वर्णिलेला प्रयोग कोणासही करता येईल. एका डोळ्यापुढे काळी काच धरून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, समोर डावी-उजवीकडे झुलणारा लंबक पाहावा. तो लंबवर्तुळात फिरताना दिसतो. एकाच नेत्रात मोतीबिंदू असलेल्या रुग्णासही धावत्या वाहनाचे अंतर असेच चुकीचे भासू शकते.

हाताचा वेग चिकित्सालयात पट्टीने मोजता येतो. पट्टी अकस्मात सोडावी व रुग्णाने चिमटीत पकडावी. १५ सें.मी. घसरल्यास सुमारे ०.१७ सेकंद, २० सें.मी. घसरल्यास ०.२० सेकंद. दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक झाकून, प्रत्येकी दहा वेळा पाहून सरासरी घ्यावी. त्या वेळी रुग्णाशी बोलू नये. मनाचे एकत्व चरकसंहितेत सांगितलेच आहे, आणि पट्टी ते लगेच दाखविते!

ताशी ४० कि.मी. वेगाने दुचाकी ०.२० सेकंदात दोन मीटरहून पुढे जाते. त्यात झाकलेल्या बाजूचे दृश्य नाहीसे होते, खोलीचा अंदाजही उणावतो. मन्सूर अली खान पतौडी जुलै १९६१ च्या अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावूनही त्याच डिसेंबरात कसोटी खेळले, हे खरे. पण त्यामागे काही महिन्यांचा सराव होता. आपल्या रुग्णाची पट्टी आजची असते.

तर्पणानंतर तेजस्वी वस्तू व वारा टाळावा, असे शास्त्रवचन आहेच. त्यासोबत वाहन, कोयता आणि माडावर चढणे यांचाही निषेध वैद्यांनी चिठ्ठीवर लिहावा. नेत्रपट्टी देताना औषधविक्रेत्यांनी तो तोंडी सांगावा आणि रुग्ण घरी कसा जाणार, हे विचारावे.