पक्की शाई

पावसात पाकिटावरील पत्ता भिजतो, अक्षरे फुटतात आणि पत्र इष्ट स्थळी पोहोचत नाही. शाई काळीभोर दिसली म्हणजे ती पक्की असतेच असे नाही. फाउंटन पेनच्या बहुतेक शायांत पाण्यात विरघळणारा रंग असतो. वाळल्यावरही पाणी लागताच तो पुन्हा सुटतो.

पक्क्या शाईचे प्रमुख प्रकार दोन. एकीत मायफळासारख्या पदार्थांतील आम्ल व हिराकस यांचा संयोग असतो. ती लिहिताना फिकट दिसते. मग हवेतील प्राणवायूमुळे काळी पडून कागदाच्या तंतूंत घट्ट बसते. दुसरीत काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. काजळी पाण्यात विरघळत नाही. मात्र डिंक किंवा लाख घातलेली शाई पेनात भरू नये. ती सुकून आतील वाट बुजवते. पक्की शाई वापरणाऱ्याने पेन वेळोवेळी धुवावे.

निवड करण्यापूर्वी एक ओळ लिहावी, दिवसभर वाळू द्यावी व तिच्यावर पाण्याचा थेंब सोडावा. थेंब टिपल्यावरही अक्षर स्पष्ट वाचता आले, तर ती शाई पत्ता व दस्तऐवज लिहिण्यास योग्य समजावी. गडद रंग डोळ्यांस सुखवतो. परंतु लिहिणाऱ्याचा शब्द राखते ती पाण्यात टिकणारी शाईच होय.