गप्प बसलेला कॅप्टन

आमच्या वसईत 'शौर्य' म्हटलं की आधी किल्ला आठवतो, आणि १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम. पण परवा भिशीला जमलो, तेव्हा जुंपली ती 'शौर्य' नावाच्या हिंदी सिनेमावरून. समर खानचा, २००८ सालचा. मुलांनी लावून दिला म्हणून सगळ्याजणी बसलो.

गोष्ट काश्मीरची. कॅप्टन जावेद खानने आपल्याच मेजरला गोळी घातली, म्हणून त्याचं कोर्ट मार्शल. बचावाला थट्टेखोर मेजर सिद्धांत म्हणजे राहुल बोस, आणि समोर त्याचाच दोस्त जावेद जाफरी. ढाचा १९९२ च्या 'अ फ्यू गुड मेन'चा, हे लपत नाही.

सिनेमा खाऊन टाकलाय तो के. के. मेननने. त्याचा ब्रिगेडियर रुद्र प्रताप आवाज चढवत नाही. हसून, अदबीने बोलतो, आणि त्यानेच आपल्या अंगावर काटा येतो. शेवटच्या साक्षीत मात्र मनातला सगळा द्वेष ओकतो. शेजारच्या काकूंचे भाऊ फौजेत होते. त्या म्हणाल्या, "अगं, एवढा मुरलेला माणूस भर कोर्टात असं बोलून बसेल होय?"

काकूंचं पटलं. जनरल कोर्ट मार्शलमध्ये न्याय करायला निदान पाच अधिकारी बसतात, आणि त्यांच्या निकालावरही वरून शिक्कामोर्तब लागतं. इथे सगळा खटला एका माणसाच्या संतापावर सुटतो. जॅक निकल्सनचा कर्नलही तसाच फसतो म्हणा, पण त्याला त्याची घमेंड बोलायला लावते. इथे ब्रिगेडियरच्या घरातलं दुःख पुढे केलंय. म्हणजे द्वेष त्याच्या एकट्याच्या जखमेचा ठरतो, बाकीचे सुटले! पटकथेची ही पळवाट मला खटकली.

आणि बाईचं काय? तिथे डेमी मूर स्वतः नौदलातली वकील, हुद्द्याने नायकाच्या वर. इथे मिनिषा लांबा पत्रकार. नायकाला टोचणी लावायची, एवढंच तिला काम.

मला मात्र रात्री झोपताना आठवला तो दीपक डोब्रियालचा जावेद. संवाद मोजके. नुसता बसून राहतो, डोळे खाली. काकूंना त्याचाच राग आला. "पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं ना सगळं!"

मी गप्प राहिले. एका बाईसोबत मी कोर्टात जात असे. पाच तारखा ती तोंडातून शब्द काढेना. वकील वैतागले, मीसुद्धा एकदा रिक्षात तिच्यावर चिडले. सहाव्या तारखेला जिन्यात तिने सांगितलं, ती बोलली असती तर साक्षीला तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला उभं करावं लागणार होतं. डोब्रियालने खाली घातलेली मान अगदी तिच्यासारखी आहे.

पुढची भिशी माझ्याकडे. काकूंनी आत्ताच बजावलंय, तो इंग्रजी सिनेमा लाव, पण खाली अक्षरं येतात तसला.