स्थळाला नकार कळवताना

स्थळाला नकार द्यायचा तर आपल्याकडे 'पत्रिका जुळत नाही' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. ३६ पैकी किमान १८ गुण जुळावेत असा संकेत आहे. तेव्हा गुण कमी पडले म्हटलं की दोष कुणाच्याच माथी येत नाही. पण समोरच्यांनी आधीच गुण जुळवून पाहिले असतील, तर ही सबब लगेच उघडी पडते आणि मन जास्त दुखावतं. खोटं कारण देऊ नये. कारण न दिलं तरी चालतं.

नकाराच्या पत्रात 'स. न. वि. वि.' लिहून आधी भेटीबद्दल, पाहुणचाराबद्दल मनापासून दोन शब्द लिहावेत. लगेच पुढे 'हा योग जुळून येईल असं आम्हांला वाटत नाही' इतकं स्पष्ट सांगावं. 'सध्या घाई नाही, नंतर कळवतो' असं मोघम मुळीच नको. त्या आशेवर ती मंडळी दुसरी स्थळं थांबवून ठेवतात. रंग, उंची, पगार यांचा तर उल्लेखही नसावा. पत्र वडिलांच्या नावे असलं तरी ते मुलगीही वाचते.

निर्णय झाला की आठवड्याच्या आत कळवा, आणि फोटो व पत्रिका सोबत परत पाठवा.