गोदामातील बुरशी आणि यकृताचा कर्करोग

शेंगदाणे, मका, सरकी व पेंड यांचा व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्यास बुरशी ही नुकसानीची बाब म्हणून चांगलीच परिचित असते. माल कुबटला की भाव पडतो, पोती परत येतात आणि आडत्याशी हुज्जत घालावी लागते. परंतु या बुरशीचा हिशेब वहीतील तोट्यापाशी संपत नाही. तिच्या एका जातीचे विष मनुष्याच्या यकृतात जाऊन तेथील पेशींच्या मूळ लेखातील एक अक्षर बदलते व त्यातून कालांतराने कर्करोग उद्भवू शकतो. हे कसे घडते, ते समजून घेणे व्यापारीवर्गास अगत्याचे आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मृत्युमुखी पडले. प्रथम कारण उमगेना. पुढे दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडला. तीवर ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची बुरशी वाढली होती. तिच्याच नावावरून त्या विषास ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. आपल्या देशातही १९७४ साली बांसवाडा व पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. विष मोठ्या प्रमाणात पोटात गेले की असा तडकाफडकी घात होतो. थोडेथोडे वर्षानुवर्षे जात राहिले तर त्याची रीत निराळी असते.

पोटात आलेले परके द्रव्य निरुपद्रवी करून बाहेर टाकणे, हे यकृताचे एक मुख्य कार्य होय. दुर्दैव असे की, ज्या विकरांकरवी यकृत हे काम करते, तीच विकरे अफ्लाटॉक्सिनला अधिक जहाल रूप देतात. या जहाल रूपाचा बराचसा भाग शरीर निकालात काढते. उरलेला पेशीतील डीएनएस चिकटतो. डीएनए हा जणू चार अक्षरांत लिहिलेला लेख आहे: ए, टी, जी व सी. विष चिकटते ते ‘जी’ या अक्षरास. आणि पेशीचे विभाजन होताना लेखाची नक्कल उतरते, तेव्हा त्या जागी चुकून ‘टी’ लिहिले जाते. यासच उत्परिवर्तन म्हणतात.

ही चूक पी-५३ नामक जनुकात घडली तर अनर्थ ओढवतो. या जनुकापासून होणारे प्रथिन म्हणजे पेशीचा दक्ष तपासनीस; लेखात बिघाड दिसताच ते विभाजन थांबवते आणि दुरुस्ती अशक्य असल्यास त्या पेशीस नष्ट व्हावयास लावते. या प्रथिनाच्या ३९३ दुव्यांपैकी २४९ वा दुवा वरील चुकीने बदलतो. १९९१ साली चीनमधील चीदुंग भागातील रुग्णांच्या १६ गाठी तपासल्या असता त्यांतील ८ गाठींत नेमका हाच बदल आढळला.

तथापि एका चुकीने कर्करोग होत नाही. अनेक बिघाड साचावे लागतात. सामान्य पेशी ठरावीक वेळा विभागून थांबते, कारण दर विभाजनागणिक तिच्या गुणसूत्रांची टोके झिजतात. यकृताच्या निम्म्याहून अधिक गाठींत ही झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेजचे जनुक बिघडून सतत चालू राहते व पेशीस विरामच उरत नाही. काही गाठींत ‘विंट’ नावाचा संदेशमार्ग बिघडतो. बाहेरून वाढीचा हुकूम नसताना बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीत सतत नष्ट केले जाते; परंतु उत्परिवर्तन झालेले बीटा-कॅटेनिन टिकून राहते, केंद्रकात शिरते आणि हुकूम नसताही वाढ सुरू ठेवते.

यात हिपॅटायटिस बी विषाणूची भर पडली तर धोका कित्येक पटींनी वाढतो. हा विषाणू स्वतःचा डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत घुसवतो. शिवाय दीर्घकाळच्या दाहामुळे पेशी मरतात, नव्या होतात व प्रत्येक नकलेबरोबर चुकीस वाव मिळतो. शांघाय येथील १८,००० हून अधिक पुरुषांच्या पाहणीत, दोन्हींपासून मुक्त असलेल्यांच्या तुलनेने, केवळ अफ्लाटॉक्सिनने धोका सुमारे ३ पट, केवळ विषाणूने ७ पट, तर दोन्ही एकत्र आल्यास सुमारे ६० पट आढळला.

उपाय मात्र आपल्या आटोक्यातील आहेत. शेंगा वेळीच व पूर्ण वाळवाव्यात. पोती ओल्या जमिनीवर वा भिंतीला लावून न ठेवता फळ्यांवर रचावीत. सुरकुतलेले, फुटके व रंग बदललेले दाणे निवडून काढावेत. भाजल्याने वा शिजवल्याने हे विष पूर्णपणे नाहीसे होत नाही, हे ध्यानी असावे. काढलेले दाणे गुरांनाही घालू नयेत. कारण गाईम्हशींच्या दुधातून त्याच विषाचा अंश पुन्हा मुलांच्या पेल्यात येतो. संस्करणासाठीच्या शेंगदाण्यांस आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे केवळ १५ मायक्रोग्रॅमची आहे. इतका सूक्ष्म अंश नजरेस दिसत नाही, म्हणून संशयित मालाची प्रयोगशाळेत परीक्षा करवून घ्यावी. हिपॅटायटिस बीची लस तर घरातील प्रत्येक अर्भकास मिळालीच पाहिजे.

चीदुंगमध्ये १९८० नंतरच्या काळात लोकांच्या आहारात मक्याची जागा तांदळाने घेतली, अफ्लाटॉक्सिन पोटात जाणे घटले आणि लस मिळालेली पिढी प्रौढ होण्यापूर्वीच तेथील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण उतरू लागले. धान्य बदलल्याने जे साधले, ते धान्य स्वच्छ व कोरडे राखूनही पुष्कळ अंशी साधता येईल. कुबटलेले पोते चांगल्या मालात मिसळून खपवले तर जमेस चार रुपये पडतील. पण त्याची खरी किंमत कोणा अनोळखी गिऱ्हाइकास वीस-तीस वर्षांनी चुकवावी लागेल. ते पोते बाजूस काढणे, हा व्यापाऱ्याच्या सचोटीचाच भाग होय.