आधी स्पीकर, मग बाकीचं

घरी गाणं ऐकण्यासाठी चांगली यंत्रणा उभारायची, तर निम्मा पैसा स्पीकरवरच घालावा, असं माझं ठाम मत आहे. आवाजाचा पोत मुख्यतः तेच ठरवतात. अ‍ॅम्प्लिफायर घेताना वॉटच्या आकड्याला भुलू नका. ५० ऐवजी १०० वॉट घेतले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. स्पीकर ४ ओमचे असतील तर अ‍ॅम्प्लिफायरला ते झेपतात का, एवढं मात्र नक्की पाहा.

पुढची सुधारणा फुकट आहे. दोन स्पीकर आणि तुमची बैठक यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. भिंतीला, त्यातही कोपऱ्याला चिकटलेला स्पीकर खर्ज फुगवतो. डग्गा घुमतो आणि त्यात तानपुरा बुडतो. हातभर पुढे ओढून पुन्हा ऐका. उघड्या फरशीच्या खोलीत जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट जो फरक पाडतात, तो महागडी केबल पाडत नाही. सबवूफर वगैरे नंतर.

दुकानात जाताना शंभरदा ऐकलेली एखादी बंदिश सोबत न्या, आणि तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात का ते पाहा.