आधी ओठ की आधी दात?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस दातांवर काय बोलणार, अशी शंका काही चेहऱ्यांवर दिसते आहे. रास्त आहे. पण प्रश्न कार्यकारणभावाचा आहे, आणि तो आमच्याच गल्लीतला.

दात पुढे असलेल्या मुलांना घरीदारी एक वाक्य रोज ऐकावं लागतं: 'तोंड मिटून बस बरं.' मीही एकदा वर्गात एका मुलाला ते म्हणालो होतो. त्यानं तोंड मिटलं, पण पुढचा सगळा तास त्याचं लक्ष ओठांवरच होतं. मला वाटलं, चला, वळण लागलं.

एक प्रयोग करू. हनुवटीवर बोट ठेवा आणि ओठ सहज मिटा. बोटाखाली फारसं काही हलत नाही. आता खालचा ओठ जोर लावून वर ढकला. हनुवटीची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली की नाही? आपल्या विदर्भात ही उपमा समजावायला नको. हे काम करणारा स्नायू म्हणजे मेंटॅलिस. ओठांभोवती गोल असतो तो ऑर्बिक्युलॅरिस ओरिस. त्वचेवर छोटे इलेक्ट्रोड चिकटवून या स्नायूंची वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजता येते. तिला इलेक्ट्रोमायोग्राफी म्हणतात. शांत बसल्यावर, गिळताना, ओठ मिटताना अशी नोंद घेतात. ज्यांचे ओठ आपोआप मिटत नाहीत, त्यांनी ते मिटले की मेंटॅलिसची नोंद चढते. म्हणजे ज्याला आपण आळशी, गबाळा म्हणतो तो मुलगा तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त मेहनत करत असतो.

मग दात पुढे आले कशानं? एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण केलं. त्यातल्या दुसऱ्या वर्गाच्या पहिल्या विभागात वरचे दात पुढे झुकलेले असतात. अशा पुष्कळ मुलांत खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो आणि त्यांना आणखी पुढे रेटतो. दात पुढे म्हणून ओठ मागे, ओठ मागे म्हणून दात पुढे. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात, आणि तिथे तो तर्कातला दोष मानतात. शरीर मात्र हा दोष बिनदिक्कत करतं.

इथे जोरापेक्षा वेळ महत्त्वाचा, हे ध्यानात घ्या. विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ साली दातांच्या समतोलाचा फेरविचार केला तेव्हा हाच मुद्दा मांडला. चावण्याचा दाब प्रचंड असतो, पण क्षणभराचा. ओठांचा आणि जिभेचा विसाव्यातला दाब हलका असतो, पण तासन् तास टिकतो. दात हलतो तो त्याला.

एका दिवशी घेतलेली नोंद मात्र आधी काय होतं ते सांगत नाही. त्यासाठी अन्वय-व्यतिरेक लागतो. दात मागे घेतल्यावर हनुवटी शांत झाली, तर तो ताण परिणाम होता असं धरायला जागा आहे. ओठ मुळातच आखूड असला, किंवा नाक चोंदून मूल तोंडानं श्वास घेत असलं, तर नुसत्या तारेनं भागत नाही. दात परत सरकू शकतात.

आणखी एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. जबड्याच्या मानाने ओठांची उभी वाढ मागे राहते आणि पौगंडावस्थेत भरून निघते. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे ओठ विसाव्यात थोडे उघडे दिसले म्हणून लगेच घाबरू नका. पण वाढ चालू असतानाच जबड्याला वळण देणारी साधनं उपयोगी पडतात, म्हणून दहा-बारा वर्षांच्या आसपास एकदा दाखवून घ्यावं. आपल्याकडे सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात दात सरळ करण्याचा स्वतंत्र विभाग आहे.

दाखवायला नेण्याआधी एवढं करा. मुलाला काही न सांगता, तो टीव्हीत किंवा पुस्तकात गढलेला असताना त्याचे ओठ पाहा. 'दाखव बरं' म्हटलं की तो हनुवटी आवळून तोंड मिटणार, आणि खरे ओठ तुम्हाला दिसायचेच नाहीत.