उसवलेली जर

सुरत म्हटली की आम्हां मराठी माणसांना १६६४ आणि १६७० ही दोन सालेच आधी आठवतात. मी मात्र तेथे गेलो तो वडिलांचा दरबारी अंगरखा बगलेत घेऊन. तांबड्या मखमलीवर जरीची वेल. उजव्या बाहीवर ती काळी पडून उसवलेली. तत्पूर्वी घरी लिंबू चोळण्याचा उद्योग मीच केला होता. काळेपणा गेला नाही, मखमलीचा रंग मात्र फुटला. जुनी जर विकत घेणाऱ्या एका फेरीवाल्याने तर "जाळून चांदी काढू, वजनावर पैसे देतो," म्हणत तराजूच पुढे केला. किती घरांतले शालू आणि पैठण्या अशाच भट्टीत गेल्या असतील!

अस्सल सुरती जर म्हणजे चांदीची तार. ती छिद्रांतून ओढीत केसासारखी बारीक करतात, चपटी करून रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळतात, आणि वर सोन्याचे पाणी चढवितात. राणा समाजातील कित्येक घराण्यांचा हा पिढीजात धंदा. या जरीला आता भौगोलिक मानांकनही आहे. नकली जरीत चांदीच्या तारेऐवजी तांब्याची तार येते, आणि हल्ली तर नुसते चकचकीत प्लॅस्टिक.

ज्या वृद्ध कारागिराकडे मी गेलो, त्याने अंगरखा आधी उलटा केला. अशा भरतकामात जर कापडातून आरपार जात नाही. वर अंथरून बारीक रेशमी टाक्यांनी जखडतात. चूक काढायची तर मागून तेवढा टाका कापायचा, जर अलगद सुटते. वाकलेल्या तारेची मोड मात्र जात नाही, आणि रेशमावर सुईची भोके राहतात. मग तेथे टिकली बसवितात. आरीच्या साखळी टाक्याचे निराळे. शेवटचे टोक मोकळे करून ओढले की सारी ओळ सरसर मागे येते. सुरुवातीच्या टोकाशी कितीही झोंबा, ती हलत नाही. गाण्यात चुकलेली सम अशी मागे घेता आली असती, तर आम्हां शिक्षकांचा घसा पुष्कळ वाचला असता!

त्याने काळी जर नखाने खरवडली. खाली लालसर तांबे निघाले. बाकीच्या वेलीत मात्र पांढरी चांदी. म्हणजे ही बाही पूर्वीच एकदा झिजली होती आणि कुणीतरी नकली जरीने ती भरली होती. "हे तंबोरा घेऊन बसत का?" त्याने गुजरातीत विचारले. मी थक्क झालो. तंबोऱ्यावर टेकणारा हात तोच.

नवी जर जुनीशेजारी डोळ्यांत खुपली असती. म्हणून अंगरख्याचा जो पाखा आत झाकला जातो, त्यावरची वेल त्याने सोडविली आणि बाहीवर बसविली. विरलेल्या मखमलीला खालून जाळीचे कापड दिले. आतला पाखा आता बोडका आहे, पण तो पाहणार कोण?

अंगरखा हल्ली धुतलेल्या मलमलीत असतो. त्याच त्या घडीवर तार मोडते, म्हणून दर दोन महिन्यांनी घडी बदलतो. अत्तर जवळ फिरकू देत नाही. लिंबाचा डाग तेवढा राहिला. त्यावर टिकल्या लावू का, असे त्याने विचारले होते. मी नको म्हटले.